मीटरच्या भिंतीला टेकलेली खाट

(अलिबागजवळच्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय मला 'स्मार्ट मीटर आणि आरोग्य' असा दिलाय. पण आत येताना चपला काढता काढताच तिघांनी गाठलं. एक काकू म्हणाल्या, "मीटर ओटीवर आहे आणि त्याच भिंतीला आतून सासूबाईंची खाट टेकलेली. हलवू का?" एका गृहस्थांचं बिल मीटर बदलल्यापासून वाढलंय. आणि मुंबईहून आलेला एक तरुण म्हणाला, "आमचं घर गणपती आणि मे महिना सोडला तर बंद असतं. ते बंद आहे हे आता कोणाकोणाला कळणार?" माझ्या मते तिघांत हा प्रश्न सगळ्यात मोठा. पण गावागावांत चर्चा चालते ती पहिल्याचीच, म्हणजे मीटरमधून निघणाऱ्या लहरींनी अपाय होतो का याची, म्हणून खाटेपासूनच सुरुवात करू.

विजेचा हा नवा स्मार्ट मीटर दर पंधरा किंवा तीस मिनिटांच्या वापराची नोंद स्वतःपाशी ठेवतो आणि मधून मधून ती वीज कंपनीकडे पाठवतो. काही मीटरांत मोबाइलसारखं सिम असतं, काही ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर शेजारच्या मीटरमार्फत निरोप पुढे सरकवतात. सिमवाल्याचं गणित फळ्यावरच करू या. फोर-जी उपकरण पूर्ण जोर लावून बोललं तरी साधारण ०.२ वॉट बाहेर टाकतं. एक मीटर अंतरावर ही शक्ती जेवढ्या गोलावर पसरते त्याचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस मीटर. भागाकार केला की चौरस मीटरला ०.०१६ वॉट. अँटेना एका बाजूला जास्त फेकते, म्हणून दुप्पट धरा, ०.०३२. आता मर्यादा बघा. आंतरराष्ट्रीय मर्यादा ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ४.५ वॉट आहे, आणि भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल टॉवरसाठी तिचा दहावा भाग घेतला, म्हणजे ०.४५. त्या कडक आकड्याशी ताडून पाहिलं तरी आपला मीटर चौदा पट खाली आहे, आणि तोही चोवीस तास अखंड बोलतोय असं धरून. प्रत्यक्षात तो दिवसभरात मोजकाच वेळ बोलतो. अंतर एकाचं तीन मीटर केलंत की प्रमाण नवव्या हिश्शावर येतं. तीनच प्रश्न विचारायचे: किती, किती वेळ, किती लांबून? व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपांत या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नसतं. लाल अक्षरं मात्र भरपूर असतात.

"पण किरण ते किरणच ना?" असं एक आजोबा म्हणाले. नाही. माडावरचा नारळ पाडायला एक नेमका धोंडा लागतो. मूठमूठ तांदूळ दिवसभर फेकलेत तरी नारळ जागचा हलायचा नाही. एक्स-रेचा एकेक कण शरीरातल्या रेणूचा बंध तोडू शकतो, म्हणून तिथे थोडं प्रमाणही मोजून मापून देतात. मोबाइलच्या लहरीचा एकेक कण साध्या उजेडाच्या कणापेक्षाही काही लाख पटींनी दुबळा असतो. त्याने बंध तुटत नाही. त्याचा पक्का ठाऊक असलेला परिणाम एकच, शरीर किंचित तापणं. शरीर जाणवण्याइतकं तापायला अंगभर सरासरी दर किलोला ४ वॉटच्या आसपास शक्ती मुरावी लागते. सर्वसामान्य लोकांसाठीची मर्यादा त्याच्या पन्नासाव्या भागावर ठेवलेली आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर कंपनीचे झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' अशा २ब गटात टाकल्या. त्याआधी २००२ मध्ये विजेच्या तारांभोवतालचं मंद चुंबकीय क्षेत्रही त्याच गटात गेलं होतं. त्या गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. धोक्याचा पुरावा तोकडा आहे, पण नाहीच असं म्हणून दप्तर बंद करण्याइतका स्वच्छही नाही, असा तो गट. धोका किती मोठा हे त्यावरून कळत नाही. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेत उंदरांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज नऊ तास, अंगभर, दोन वर्षं लहरी दिल्यावर काही नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या. गंमत अशी की लहरी दिलेले नर न दिलेल्यांपेक्षा जास्त जगले. हे दुसरं वाक्य पुढे पाठवलेल्या निरोपांत कधीच येत नाही. २०२४ मध्ये आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाइल वापरणं आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. गेल्या तीस वर्षांत मोबाइल कुठल्या कुठे पोचला, त्या मानाने मेंदूचे कर्करोग वाढलेले दिसत नाहीत, हा मला सगळ्यात वजनदार मुद्दा वाटतो.

खाटेचं मात्र काकू म्हणतात ते अगदीच वाया नाही. विजेच्या तारांभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राबाबत, घरात सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्राचं माप) वर क्षेत्र असलेल्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण थोडं जास्त दिसलं, असं काही अभ्यासांत आढळलं. त्यामागचं कारण आजवर सापडलेलं नाही. हे क्षेत्र जुन्या चकतीच्या मीटरभोवतीही होतंच आणि ते हातभर अंतरात झपाट्याने ओसरतं. खाट हातभर सरकवायला पैसे पडत नाहीत, तर सरकवा. सासूबाईंची झोप त्याने सुधारली तर उत्तमच. पण मग मिक्सरला पोट टेकवून चटणी वाटायची सवयही सोडा. मोटरीच्या अगदी जवळचं क्षेत्र मीटरच्या मानाने कितीतरी जास्त असतं.

चुंबकीय क्षेत्र मोजण्याच्या बाबतीत आपला अलिबाग तालुका काही लेचापेचा नाही, बरं का. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. ट्रामगाड्या विजेवर धावणार असं ठरलं तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, की ट्रामच्या तारांतला प्रवाह आपल्या सुया हलवणार. मग १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा इथे अलिबागच्या किनाऱ्यावर आणली, चुंबकाला न खेचणारं सामान निवडून इमारत बांधली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं आणि जुन्या नव्या नोंदींचा सांधा जुळवला. आपल्या इकडे पृथ्वीचं स्थिर क्षेत्र चाळीस मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे, त्यातला बारीकसा थरथराटही तिथली उपकरणं टिपतात. मूस साहेबांनी ट्रामला विरोध केला नाही की ती निर्धोक आहे असा दाखलाही दिला नाही. काय बिघडेल, कशाचं बिघडेल हे ठरवून उपकरण उचलून दूर नेलं.

फोनबद्दल एक गोष्ट उलटी आहे, ती नीट ऐका. रेंज नसली की फोन ओरडतो. डोंगराच्या कुशीतल्या वाडीत, जिथे अंगणातल्या तुळशीपाशी उभं राहिल्यावरच एक दांडी दिसते, तिथे कानाला लावलेला फोन पूर्ण जोराने बोलत असतो. टॉवर जवळ असेल तर तोच फोन कुजबुजतो. म्हणजे डोक्यात शिरणाऱ्या लहरींचा विचार केला तर टॉवर लांब असणं काही फायद्याचं नाही. एका ग्रामसभेत मी स्वतः ऐकलंय, पहिला ठराव टॉवर हटवा आणि चौथा ठराव रेंज द्या. अध्यक्ष सज्जन होते, दोन्ही मंजूर केले.

ज्यांना खरंच काळजी वाटते त्यांनी इअरफोन लावावा नाहीतर स्पीकरवर बोलावं, रेंज नसताना लांबण लावू नये, इतकं पुरे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनसाठी, डोक्यात एका जागी मुरणाऱ्या शक्तीला दर किलोला १.६ वॉटची मर्यादा आहे, आणि बऱ्याच फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की तुमच्या फोनचा आकडा समोर येतो. टॉवरची माहिती दूरसंचार खात्याच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर मिळते. बाजारात मिळणारे सोनेरी स्टिकर मात्र घेऊ नका. ते लहरी अडवत नसतील तर पैसे पाण्यात, आणि अडवत असतील तर फोन आणखी जोर लावणार!

"पण मला खरंच डोकं दुखतं," असं म्हणणारी माणसं असतात. ती खोटं बोलत नाहीत. परदेशांत अशा माणसांना खोलीत बसवून, लहरी चालू आहेत की बंद हे न सांगता पुन्हा पुन्हा तपासलं. लहरी कधी चालू होत्या हे त्यांना ओळखता आलं नाही. पण चालू आहेत असं वाटलं की त्रास मात्र खरा व्हायचा. म्हणून घरातल्या कुणाला असं होत असेल तर हसू नका. रक्तदाब, चष्मा, झोप, मनावरचा ताण ही तपासणी आधी करा. मीटरच्या नावावर टाकलेलं दुखणं अंगात तसंच राहतं.

एका घरी गेलो होतो. मीटरच्या पेटीवर स्वयंपाकघरातला चंदेरी कागद चिकटपट्टीने गुंडाळलेला, खालून वायरपर्यंत आलेला. मीटर निरोप पाठवू शकला नाही की कंपनीचा माणूस येणार, तो भाग वेगळा. पण तो कागद म्हणजे धातू, वीज वाहून नेणारा. पेटीच्या आत पाहिलं. वायरच्या टोकांवर खाऱ्या वाऱ्याने हिरवट थर चढलेला, पालीची अंडी, एका जोडावर काळी पट्टी, आणि भिंत ओलीने फुगलेली. त्या भिंतीवरून मीटरच्या लहरींची चौकशी चाललेली! मला मात्र घाम फुटला, कारण त्या ओल्या भिंतीला पोरं हात लावत होती.

खरा धोका इथे आहे. कोकणातल्या घराला अर्थिंग ही नावापुरती वस्तू असते. आपल्या पुळणीत किंवा दक्षिणेकडच्या जांभ्या दगडात वीज जमिनीत सहज उतरत नाही. मे महिन्यात खड्डा कोरडा पडला की गीझर, पंप, फ्रिज सगळं देवाच्या भरवशावर चालतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात या पट्ट्यातले खांब आडवे झाले, कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. नंतर घाईत जे जोड मारले गेले त्यातले किती कुणी पुन्हा उघडून पाहिले? घरात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, म्हणजे वीज गळली की आपोआप पडून पुरवठा तोडणारा स्विच. त्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. पडला तर ठीक, नाही पडला तर त्याच दिवशी वायरमन बोलवा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला. माणूस दगावतो तो इथे.

आणि बिलाचा धागा इथेच येऊन मिळतो. आपल्याकडचे एक फेजचे नवे मीटर फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) अशा दोन्ही तारांतला प्रवाह बघतात आणि जो जास्त तो धरतात. घरात कुठे गळती असेल, किंवा शेजारच्या जोडणीचं न्यूट्रल तुमच्यात मिसळलं असेल, तर जुन्या मीटरने जे झाकलं ते नवा दाखवतो. ओल्या भिंतीतून ०.३ अँपिअर जरी मुरत असेल तरी दिवसाला दीड युनिटापेक्षा जास्त, महिन्याला पन्नासेक युनिट. म्हणून आधी मेन स्विच खाली करून मीटर थांबतो का बघा. मग एकेक सर्किट चालू करा, गळकं आपोआप सापडतं. सगळं तपासूनही शंका राहिली तर मात्र भांडा. २०२४ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत स्पष्ट आहे: तक्रार आल्यापासून पाच दिवसांत पडताळणीसाठी जोडीला दुसरा मीटर बसवायचा आणि तो किमान तीन महिने ठेवायचा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. बाकी, राज्यात १ जुलै २०२५ पासून असे मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापराला दरात सूट आहे, तेव्हा टाकीचा पंप दुपारी लावा.

आता त्या मुंबईकर तरुणाचा प्रश्न. अर्ध्या अर्ध्या तासाचा वापर कागदावर मांडला की घरातली माणसं कधी उठतात, कधी जेवतात, गीझर कधी लावतात आणि घर कधीपासून बंद आहे, सगळं दिसतं. बंद घराची रेघ तर सपाट असते. कंपनीला बिलासाठी हा तपशील लागतो, हे मान्य. पण मीटर बसवणारे, माहिती साठवणारे आणि बिल छापणारे वेगवेगळे असू शकतात. कोण किती काळ बघतो, हे तुम्ही विचारलं पाहिजे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा याच कामासाठी झाला. आणि निम्मी गळती तर आपल्याच हातून होते. वाडी बघणाऱ्या गड्याला, त्याच्या भाच्याला, दुकानदाराला वीज कंपनीच्या अ‍ॅपचा ओटीपी वाचून दाखवतो आपण. घराला कुलूप दोन, आणि ओटीपी फोनवर मोठ्याने. मोर्चा काढायचाच असेल तर तो या प्रश्नावर काढा. मी येतो.

शेवटी चिठ्ठ्यांतून आलेले दोन प्रश्न घेतो. वायफाय रात्री बंद ठेवावं का? ठेवा. लहरींसाठी गरज नाही, पण मुलं बारा वाजता झोपतील. दुसरी चिठ्ठी पेसमेकरवाल्या आजोबांची, आणि ती आजची सगळ्यात कामाची. आजोबा, मीटरपाशी बिनधास्त जा. फोन छातीच्या खिशात ठेवू नका, पेसमेकरपासून किमान पंधरा सेंटिमीटर लांब ठेवा आणि उलट्या बाजूच्या कानाला लावा. इंडक्शनच्या शेगडीवर मात्र वाकून चहा करू नका, दोन फूट मागे उभे राहा. तुमच्या यंत्राच्या कार्डावर कंपनीचा आणि मॉडेलचा नंबर आहे, तो डॉक्टरांना दाखवून अंतराची खात्री करून घ्या.