घराजवळचं कॉलेज

नमस्कार मंडळी! आपल्या बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या, मराठी घरांमध्ये एक गोष्ट मी नेहमी बघते, पोरं अकरावी-बारावीत गेली की बर्कली, यूसीएलए, झालंच तर डेव्हिस अशी यादी सुरू होते, आणि कुणी कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजचं, नाव काढलं की सगळे एकदम गप्प. जणू पोरगं नापासच झालंय. मला हे मनापासून खटकतं, म्हणून आज सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोबद्दल बोलायचंय.

हे सरकारी कॉलेज 1935 साली सुरू झालं. मंदीचे दिवस होते, कॉलेजला स्वतःची इमारतच नव्हती, मग शहरात जिथे जागा मिळेल तिथे वर्ग भरायचे, सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे, आणि पोरं ट्रॉलीत बसून इकडून तिकडे जायची, त्यामुळे लोक याला ट्रॉलीकार कॉलेजच म्हणायला लागले. मुख्य ओशन कॅम्पसवरची पहिली इमारत 1940 मध्ये उभी राहिली. पण कॉलेज एकाच जागी गोळा होऊन बसलं नाही, पुढे शहराच्या मिशन भागात, चायनाटाउनमध्ये, हाइट भागाजवळ जॉन ॲडम्स, गाड्यांच्या दुरुस्तीसारखी कामं शिकवणारं इव्हान्स असे कॅम्पस होत गेले, आणि मला वाटतं या कॉलेजचं खरं मोठेपण इथेच आहे. कारण विचार करा ना, रात्री उशिरापर्यंत हॉटेलात भांडी घासणारा माणूस सकाळी दोन तासांच्या इंग्रजीच्या वर्गासाठी दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाईल का? नाही जाणार. पण वर्ग त्याच्याच मोहल्ल्यात असला तर तो येतो, बायकोलाही आणतो.

आपल्याकडे हा विचार नवा नाही बरं का. बाबासाहेबांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले होते, का तर नोकरी करणाऱ्यांना शिकून मग कामावर जाता यावं.

चायनाटाउनच्या लोकांना तर स्वतःच्या इमारतीसाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. उंची किती असावी, जागा कुठली, यावर वाद चालले, आणि अखेर 2012 मध्ये कर्नी स्ट्रीटवर चौदा मजली कॅम्पस उघडला. तिथे कॅंटोनीज बोलणारी आजी आणि नुकताच आलेला विशीतला पोरगा एकाच बाकावर इंग्रजी शिकतात, कुणी नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करतं. हे नॉन-क्रेडिट वर्ग, म्हणजे डिग्रीसाठी न मोजले जाणारे, फुकट असतात, बरं!

आणि इथे वेगवेगळ्या लोकांना नुसतं वर्गात बसवून घेतात असं नाही, त्यांचं जगणं हाच अभ्यासाचा विषय होतो. फिलिपीन स्टडीज विभाग 1970 पासून आहे. समलिंगी लोकांच्या इतिहासाचा आणि साहित्याचा स्वतंत्र विभाग देशात पहिल्यांदा इथे निघाला, 1989 मध्ये. मोठमोठ्या युनिव्हर्सिट्यांच्या आधी हो!

ओशन कॅम्पस ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव पूर्वी फीलन ॲव्हेन्यू होतं. नाव एका बॅंकरचं, पण त्याचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोचा महापौर आणि पुढे सिनेटर झाला, आणि त्याने कॅलिफोर्निया गोऱ्यांचाच ठेवा असा उघड प्रचार केला, आशियाई लोकांविरुद्ध. म्हणजे चिनी, फिलिपिनो, भारतीय मुलं रोज त्या नावाच्या रस्त्यावरून कॉलेजला जात होती. 2018 मध्ये शहराने ते बदलून मेक्सिकोच्या चित्रकार फ्रीडा काहलोच्या नावाने फ्रीडा काहलो वे केलं. फ्रीडाच का, तर तिचे पती, चित्रकार दिएगो रिवेरा यांनी 1940 मध्ये शहराजवळच्या ट्रेझर आयलंड बेटावरच्या प्रदर्शनात लोकांच्या डोळ्यांदेखत रंगवलेलं पॅन अमेरिकन युनिटी हे भलंमोठं भित्तिचित्र याच कॉलेजचं आहे, साधारण 22 फूट उंच आणि 74 फूट लांब, आणि त्यात फ्रीडासुद्धा आहे. ते बरीच वर्षं पेट्यांमध्ये बंद होतं, 1961 मध्ये कॉलेजच्या थिएटरमध्ये लावलं.

हे सगळं एकदा जवळजवळ बंद पडणार होतं. 2012 मध्ये मान्यता देणाऱ्या कमिशनने पैशांचा कारभार आणि व्यवस्थापन यावर बोट ठेवलं आणि 2013 मध्ये मान्यताच काढायचं ठरवलं. मान्यता गेली की क्रेडिटला किंमत नाही, सरकारी मदत नाही. हजारो विद्यार्थी घाबरून सोडून गेले. विद्यार्थी आणि शिक्षक रस्त्यावर उतरले, शहराच्या वकिलांनी कमिशनवरच खटला भरला, कोर्टाने मान्यता काढायला स्थगिती दिली, आणि 2017 च्या जानेवारीत पूर्ण मान्यता परत मिळाली. त्याच वर्षी शहराने रहिवाशांसाठी फी माफ केली, आणि त्याला पैसा मिळावा म्हणूनच आधी 2016 मध्ये मतदारांनी पन्नास लाख डॉलरच्या वरच्या घर-इमारतींच्या विक्रीवरचा कर वाढवला होता. अडचणी अजूनही आहेत, 2022 मध्ये पैसे नाहीत म्हणून कितीतरी शिक्षकांना कमी केलं, आणि शिक्षक गेला की वर्ग जातो, याचा मला खरंच राग येतो.

आता आपल्या पोरांचं. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवाशांना फी युनिटला (अभ्यासक्रम मोजायचं माप) 46 डॉलर आहे, आणि इथून दोन वर्षांनी यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ट्रान्सफर होता येतं. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा ठिकाणी तर अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी मिळू शकते, बर्कलीला हमी नाही पण तिथेही ट्रान्सफर घेतात. फी माफी सॅन फ्रान्सिस्कोच्या रहिवाशांनाच आहे, त्यामुळे फ्रीमॉंटवाल्यांनी जवळचं ओलोनी कॉलेज बघा, क्युपर्टिनो-सनीवेलवाल्यांनी डी ॲन्झा कॉलेज बघा. आणि फक्त पोरांसाठीच बघू नका, घरी बसून कंटाळलेल्या, नोकरीत गॅप पडलेल्या बायकांनो, तुम्हीसुद्धा बघा. आधी काउन्सिलरची अपॉइंटमेंट घ्या, कुठले युनिट ट्रान्सफरला चालतात आणि तुमच्या व्हिसावर फी किती पडेल ते त्याच्याकडूनच लिहून घ्या, आणि वर्गातल्या जागा संपायच्या आत नाव घाला, ऑगस्ट आणि जानेवारीत नवीन सेमिस्टर सुरू होतं.