लिंबूटिंबू, वय वर्षं 43

[रात्रीचे साडेआठ. सोसायटीची मोकळी जागा. सुतळी ताणलेली. तळाला भोकं पाडलेल्या डब्यातून पांढरी रेघ पडते आहे.]

आकाशकंदिलाची वायर अजून उतरलेली नसते, तेवढ्यात आमच्याकडे हॅलोजन चढतो. दिवाळी संपली, थंडी पडली की पुण्यात कितीतरी कॉलन्यांमध्ये हे चालू होतं. दोन खांब, एक नेट आणि फक्की. डबा हलवत चाललेले काका बँकेतून निवृत्त झालेत. बॅडमिंटनचं कोर्ट 44 फूट लांब, 20 फूट रुंद. आमचं एका बाजूला दीड फूट कमी भरतं, कारण तिथे एक गाडी उभी आहे. चार वर्षांत ती हललेली नाही. त्या कोपऱ्यात फूल पडलं तर पॉइंट कोणाचा, यावर रोज वाद होतो. रोज, म्हणजे रोज.

मी 43 वर्षांचा. लहानपणी लगोरीत, डबा ऐसपैसमध्ये मी कायम लिंबूटिंबू. आऊट झालो तरी आऊट नाही, पळालो तरी कोणी मागे लागणार नाही. तेव्हा फार राग यायचा. पण विचार केला तर केवढी मोठी सोय होती ती! न येणाऱ्यालाही खेळात घ्यायचं. मिसरूड फुटलं आणि ही सोय बंद झाली. मग एक तर तुम्हाला खेळता येतं, नाही तर तुम्ही स्कोअर लिहिता.

जिमची वर्षाची फी भरून अकरा दिवस गेलो. तिथे सगळ्यांच्या कानात काहीतरी असतं, बोलायचं कोणाशी? मग ऑफिसच्या पोरांबरोबर टर्फवर क्रिकेट. भाडं तासावर, त्यामुळे प्रत्येक बॉलला किंमत. माझ्या हातून कॅच सुटला तेव्हा कोणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

[नायलॉनचं फूल, अगदी जवळून. बुचाभोवती लाल पट्टी.]

बॅडमिंटनने मला ठेवून घेतलं त्याचं श्रेय या फुलाला. पिसांचं फूल पाच ग्रॅमच्या आसपास भरतं, सोळा पिसांचं. आमचं नायलॉनचं, कारण पिसांचं एकेका गेममध्ये फाटतं आणि वर्गणी कोलमडते. दोन्हींचा गुण एकच: कितीही जोरात हाणा, हवेत त्याचा वेग झपाट्याने मरतो. म्हणजे समोरच्याच्या स्मॅशखालीही माझ्यासारख्याला रॅकेट घालायला क्षणभर मिळतो. डबल्समध्ये अर्धं कोर्ट दुसऱ्याच्या जिवावर. चौथ्या-पाचव्या दिवशी आमची रॅली सात फटक्यांची झाली. मी मोजले होते.

आणि ही पट्टी? हिरवी म्हणजे हळू, निळी मध्यम, लाल जलद. थंडीत हवा दाट होते, फूल अलीकडेच पडतं, म्हणून डिसेंबरात काका लाल पट्टीचा डबा काढतात. मार्चमध्ये निळा.

वारा मात्र कोणाचं ऐकत नाही. ही तक्रार जुनी आहे. 1870च्या दशकात इथल्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये हा खेळ इतका रुजला होता की त्याला ‘पूना’ असंच नाव पडलं होतं. वारा सुटला की ते फुलाऐवजी लोकरीचा चेंडू घ्यायचे. पुढे विलायतेतल्या एका ड्यूकच्या वाड्याचं नाव खेळाला चिकटलं आणि आपलं गेलं. पुणेकर असून आम्ही हे कोणाला ऐकवत नाही, असं समजू नका.

सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिस खेळायचे. ते सोडून बॅडमिंटनकडे वळले आणि 1956मध्ये परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले. बाकावर हा विषय निघाला की काका माझ्याकडे बघून म्हणतात, “तू काय सोडून आलास रे?” मी म्हणतो, “जिम.”

[बाक. शाली, कानटोप्या, थर्मास. सहा-सात जण आपल्या पाळीची वाट बघतायत.]

पहिल्या हिवाळ्यात नियम होता, हरलेली जोडी बाहेर. ऐकायला रास्त. पण त्याचा अर्थ असा की दोन तरणी पोरं तासभर हलत नाहीत, आणि मी चार मिनिटं खेळून चाळीस मिनिटं थंडीत बसतो. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भडकल्या. एकसष्ट वर्षांच्या, शाळेत गणित शिकवायच्या. “हे दोघं रात्रभर खेळणार, मग आम्ही काय इथे स्वेटर विणायचे?” दुसऱ्या दिवशी त्यांनीच नवी पद्धत आणली. गेम पंधराचा. संपला की चौघंही बाहेर. आणि जोडीत एक पक्का, एक कच्चा. चिठ्ठ्या काढून.

त्या दिवसापासून गर्दी वाढली. पक्क्यांनी आठवडाभर तोंडं पाडली, मग त्यांनाच गंमत वाटायला लागली. कच्च्याला घेऊन जिंकणं ही वेगळी कसरत आहे म्हणे.

आणि खरी मजा या बाकावर आहे. मुलीचं बारावीचं वर्ष, गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही, भाडेकरू, गावाकडची जमीन. शेजारी दहा वर्षं राहून ज्यांचं आडनाव मला दारावरच्या पाटीमुळे माहीत होतं, ते आता फोन करून विचारतात, “आज येणार ना?”

खर्च सांगतो. आमच्याकडे माणशी महिन्याला दीडशे रुपये वर्गणी. त्यात फुलं, फक्की आणि हॅलोजनचं बिल. हे बिल सोसायटीच्या मीटरवर पडायचं तेव्हा वार्षिक सभेत फार बोलाचाली झाली, तो वेगळा माहितीपट होईल. माझी रॅकेट भाच्याची जुनी, फक्त गटिंग नवं करून घेतलं. पैसे टाकायचे तर बुटांवर टाका. मी धावायचे जाड तळव्याचे बूट घालून आलो होतो, आठव्या दिवशी बाजूला झेपावताना पाय मुरगळला. तीन आठवडे बाकावरच. पण रोज आलो.

[दहाला पाच कमी.]

दहाला वॉचमन दिवा बंद करतो. वरच्या मजल्यांवर परीक्षा असतात, त्यामुळे सवलत नाही. आत्ता काकू आणि मी एका बाजूला. तेरा-बारा. काकूंची सर्व्हिस, समोरून उंच परत, फूल माझ्या डोक्यावर, त्या गाडीच्या दिशेने...

[दिवा जातो.]

“आऊट!”

“गाडीला लागलं, आत आहे!”

“काकू, तुम्ही बघितलंत?”

“अंधारात काय बघणार? पण आपलाच आहे. लिही, चौदा.”