बंदुकीनं राखलेलं रान

(दादरच्या एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात एका चिमणीपासून करतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली गोष्ट. मुंबईतल्या एका शाळकरी मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं चिमणी पाडली. उचलून बघतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही नेहमीची चिमणी नव्हे, म्हणून तो ती मामांकडे घेऊन गेला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्ड नावाच्या साहेबांनी कपाटांचे खण ओढून ओढून त्याला पेंढा भरलेले पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे पक्षितज्ज्ञ सालिम अली.

शाळांमधून ही गोष्ट मी कित्येकदा सांगितली आहे, आणि दरवेळी तिच्यातली बंदूक हळूच कोपऱ्यात ठेवली आहे. आज ती बाहेर काढायची आहे. ही सोसायटी 1883 साली याच शहरात निघाली, आणि तिच्या सुरुवातीच्या मंडळींत शिकाऱ्यांचा चांगलाच भरणा होता. सावजाच्या मागे दिवसदिवस चालणाऱ्यालाच रानाची खडान्‌खडा माहिती असायची. आपल्या निसर्गप्रेमाच्या खापरपणजोबांच्या हातात बंदूक होती, हे एकदा कबूल केलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी-उद्यानात तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. केवलादेवाच्या देवळाजवळ दगडावर कोरलेली एक यादी आहे. तारीख, पाहुणा कोण, बंदुका किती, पक्षी किती. किराणा दुकानाची वही असावी तशी. त्यात 1938 सालच्या नोव्हेंबरमधली एक नोंद आहे, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीची. एका दिवसात 4,273 पक्षी. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात कालवलं. पण मागे वळून पाहिलं तर समोर तेच पाणी, तीच बाभळीची झाडं, आणि त्यांवर चित्रबलाकांची वसाहत. ती पाणथळ महाराजांनी बदकांच्या शिकारीसाठी बांध घालून, पाणी आणून राखली होती. शिकार थांबली, पाणी राहिलं. नुसत्या शेतजमिनीच्या हिशेबानं पाहिलं असतं तर तिथे आज मोहरी डोलत असती.

म्हणून शिकार आणि संवर्धन यांचा काही संबंध नाही असं कोणी म्हणालं, की मला ते पटत नाही. संबंध आहेच. पण त्या संबंधाची दुसरी बाजूही आपल्याच देशात आहे. 1947 साली कोरियाच्या, म्हणजे आजच्या छत्तीसगडमधल्या एका संस्थानाच्या, महाराजांनी तीन चित्ते मारले. भारतातल्या रानातले शेवटचे मूळचे चित्ते म्हणून त्यांचीच नोंद आहे. एक राजा पाणी राखतो, दुसरा चित्ता संपवतो. दोन्ही राजाची मर्जी. गावकऱ्याला दोन्हीकडे एकच काम: हाकारा घालायचा. आणि त्याच रानात त्यानं स्वतः वाघूर लावून ससा धरला, तर फटके.

आता आफ्रिकेत जाऊ. नामिबियानं 1996 साली कायदा बदलला आणि गावांच्या समूहांना आपापल्या टापूतल्या वन्यप्राण्यांवर हक्क दिले. त्यांना तिकडे कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. आज अशा 86 आहेत. परदेशी शिकारी येतो, ठरलेल्या कोट्यातला प्राणी मारतो, फी गावाच्या संस्थेत जमा होते आणि मांस गावात वाटलं जातं. त्या पैशातून राखणदारांचे पगार निघतात. तुम्ही म्हणाल, मग फोटो काढणाऱ्या पर्यटकांकडून पैसे घ्या की. घेतातच. पण फोटोवाल्याला रस्ता लागतो, हॉटेल लागतं, तासाभरात दोन-चार प्राणी दिसावे लागतात. वैराण काटेरी माळावर तो जात नाही. शिकारी जातो, आठवडाभर तंबूत राहतो आणि एकटाच कित्येक पर्यटकांएवढा खर्च करतो.

इतक्या लांबही जायला नको. पाकिस्तानच्या डोंगरांत मारखोर नावाचा रानबोकड आहे, मळसूत्री शिंगांचा. बेसुमार शिकारीनं तो संपत आला होता. मग वर्षाला मोजके परवाने, एकेक लाख डॉलरच्या वर, आणि त्यातला 80 टक्के पैसा स्थानिक लोकांना, अशी पद्धत बसली. पूर्वी जो माणूस मारखोर मारून खायचा, तोच आता दुसऱ्याला मारू देत नाही. 2015 साली मारखोर ‘संकटग्रस्त’ यादीतून दोन पायऱ्या खाली, कमी धोक्याच्या गटात आला. हे पचायला जड आहे, पण खरं आहे.

तरीही एक खुलासा करतो. माणूस गंमत म्हणून जीव घेतो आणि मुंडकं दिवाणखान्यात टांगतो, हे मला किळसवाणं वाटतं. 2014 साली अमेरिकेत नामिबियातला एक काळा गेंडा मारायच्या परवान्याचा लिलाव झाला, साडेतीन लाख डॉलरला. त्यामागचा हिशेब समजून घ्या: म्हातारा नर, प्रजननाच्या कामाचा उरलेला नसतो, पण तरुण नरांना आणि माद्यांना मारतो. तो गेला तर गेंडे वाढतात. हिशेबात मला चूक सापडत नाही. तरी घास उतरत नाही. पण माझा घास उतरत नाही हा त्या गेंड्यांच्या पोराबाळांविरुद्धचा पुरावा कसा मानायचा?

आणि हिशेब चुकतोही. 2015 साली झिंबाब्वेत सेसिल नावाचा सिंह मारला गेला आणि जगभर आरडाओरडा झाला. तेव्हा फार थोडे लोक मुद्द्याचं बोलले. सिंहाच्या कळपातला नर मारला, की नवा नर येतो आणि जुन्याची पिल्लं मारून टाकतो. एक गोळी, चार-पाच जीव. म्हणून टांझानियात काम केलेल्या अभ्यासकांनी नियम सुचवला: सहा वर्षांखालचा नर मारायचा नाही. वय ओळखायचं नाकावरून. तरुण सिंहाचं नाक गुलाबी असतं, वय वाढतं तसे त्यावर काळे ठिपके वाढत जातात. म्हणजे दुर्बिणीतून नाक न्याहाळायचं आणि मग चाप ओढायचा. ज्यानं पन्नास हजार डॉलर मोजलेत आणि ज्याचं विमान परवा आहे, तो नाक किती बारकाईनं बघेल? कॅनडात तर रानमेंढ्यांचं आणखीच झालं. सगळ्यांना मोठ्या शिंगांचेच एडके हवे, ते मारत गेले, आणि काही पिढ्यांत शिंगंच आखूड झाली.

उलट, केनियानं 1977 साली शिकार साफ बंद केली. तिथले प्राणी वाढले असतील असं तुम्हाला वाटेल. 2016 पर्यंत ते सरासरी 68 टक्क्यांनी घटले. बंदी आल्यामुळे घटले असं नव्हे. कुंपणं आली, गुरं वाढली, माणसं वाढली. पण बंदीनं ते थांबलं नाही, एवढं तरी खरं.

मग इथेही परवाने विकायचे का? माझं उत्तर नाही असं आहे. अहिंसा वगैरे कारण मी पुढे करत नाही. मारखोराचा पैसा गावात पोचतो, तिथे सारा खेळ आहे. आपल्याकडे तो तिजोरीत जाईल, गावाला पुन्हा हाकाराच उरेल. शिवाय नामिबियात चौरस किलोमीटरला तीन-चार माणसं राहतात, महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेप्रमाणे 365. गोळी चुकली तर कुठे जाईल?

पण नाही म्हणताना आपण कुठे बसलोय तेही बघू. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आणि आरेत पन्नासेक बिबटे आहेत. सोसायटीच्या सीसीटीव्हीत एखादा दिसला की आपण व्हिडिओ गावभर फिरवतो. शेजारच्या पाड्यावरची बाई मात्र रात्री परसाकडे जाताना हातात काठी आणि सोबतीला पोरगं घेते. बिबट्या राखायचा खर्च ती देते, कौतुक आपल्याला मिळतं. तिथले वारली वाघोबाला नैवेद्य दाखवतात, त्यात प्रेमाइतकाच व्यवहार आहे: तू तुझ्या वाटेनं जा, आम्ही आमच्या.

माझा मामेभाऊ संगमेश्वर तालुक्यात भात करतो. भात पोटरीत आलं की रात्री माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायचा. तरी रानडुकरं एका रात्रीत अर्धा कुणगा लोळवून जातात. पिकाची नासधूस करणारं डुक्कर परवानगीनं मारता येतं, कायद्यात तशी सोय आहे. विधानसभेच्या निवडणुकीच्या वर्षी त्यानं अर्ज केला. पंचनामा झाला, सह्या झाल्या, परवानगीचा कागद हातात पडला. तोवर आचारसंहिता लागली होती आणि त्याची ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती.

नामिबियाची ही सगळी गोष्ट मी त्याला फोनवर सांगितली. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, ‘‘त्या गोऱ्याला आमच्याकडे धाड रे. पैसे नकोत म्हणावं. फक्त येताना स्वतःची बंदूक घेऊन ये.’’