मंगळावरून आलेले मास्तर
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी. जेवणाआधी बोलणाऱ्याने आटोपतं घ्यावं, म्हणून थेट गोथा गावात शिरतो.

जर्मनीच्या थुरिंगिया भागातल्या या गावात कुर्ड लासविट्झ नावाचे मास्तर होते. जन्म १८४८चा, ब्रेस्लाऊमधला. ते शहर आता पोलंडमध्ये आहे. गणित आणि पदार्थविज्ञान शिकून डॉक्टरेट मिळवली, पण विद्यापीठात प्राध्यापकी काही मिळाली नाही. १८७६पासून तीस वर्षांहून अधिक काळ ते गोथ्याच्या शाळेतच शिकवत राहिले. अणुवादाचा दोन खंडांचा इतिहास लिहिला तोही हीच नोकरी सांभाळून.

१८९७ साली त्यांची 'आउफ त्स्वाय प्लानेटेन', म्हणजे 'दोन ग्रहांवर', ही कादंबरी आली. बलूनमधून उत्तर ध्रुवावर निघालेल्या संशोधकांना तिथे आधीच ठाण मांडून बसलेले मंगळवासी भेटतात. ध्रुवाच्या डोक्यावर अंतराळात त्यांचं स्थानकसुद्धा आहे! त्याच वर्षी इंग्रज लेखक एच. जी. वेल्सचे मंगळवासी इंग्रजी मासिकातून पृथ्वीवर उतरत होते, पण ते माणसांचं रक्त प्यायला. लासविट्झचे येतात ते आपल्याला सुधारायला. बोलायला मोठे सभ्य, जर्मन तत्त्वज्ञ कांटचं नीतिशास्त्र कोळून प्यायलेले. तरी ब्रिटिशांशी खटका उडतो, त्यांचं आरमार हरतं आणि बघता बघता युरोप मंगळाच्या 'संरक्षणाखाली' जातो. मग कर येतात, प्रौढांवरही शाळेची सक्ती येते. शिकवायला आलेले साहेब होऊन बसतात.

मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. दुनियेला शहाणं करायला निघालेल्या युरोपलाच या मास्तराने बाकावर बसवलं. 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणजे काय, हे त्याच वर्षी प्लेगच्या झडत्यांत पुणेकर अनुभवत होते.

नाझींना ही कादंबरी फारच लोकशाहीवादी वाटली आणि त्यांनी ती दाबली. रॉकेटवाले वेर्नर फॉन ब्राउन तरुणपणी याच पुस्तकाने भारावले होते. पुढे त्यांनी रॉकेटं बांधली ती त्याच नाझींसाठी. असो.

ज्यांची जर्मनची बी-वन, म्हणजे मधली पातळी, झालीय त्यांनी मात्र सुरुवात १९०४ च्या 'डी उनिव्हेर्झालबिब्लिओटेक', म्हणजे 'वैश्विक ग्रंथालय', या छोट्या कथेपासून करावी. अक्षरं, विरामचिन्हं वगैरे धरून छपाईची शंभर चिन्हं, आणि दहा लाख चिन्हांचा एक खंड. असे शक्य तेवढे सगळे खंड छापले तर किती होतील? एकावर वीस लाख शून्यं. गप्पा मारता मारता हिशेब होतो. अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस यांनाही ही कल्पना भावली होती. कथा नेटवर फुकट आहे. कादंबरी जाडजूड आहे आणि मधली प्रवचनं मी खुशाल उलटतो. तुम्हीही उलटा.