अन्नछत्राला पैसे मिळतात, चौकशीला मिळत नाहीत

किटकॅट तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी मोडून खाल्लं असेल. 1935 साली ते बाजारात आणलं ते इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या राउंट्री कंपनीनं. मला आज चॉकलेटविषयी बोलायचं नाही. त्यातून आलेल्या पैशाचं पुढं काय झालं, ते सांगायचंय.

जोसेफ राउंट्री हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, वडील किराणा व्यापारी. 1850 मध्ये चौदा वर्षांचा जोसेफ वडिलांबरोबर आयर्लंडला गेला आणि बटाट्याच्या दुष्काळानं केलेली दैना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पुढं भाऊ हेन्रीनं 1862 मध्ये कोकोचा धंदा घेतला. तो अडचणीत आला तेव्हा, 1869 मध्ये, जोसेफ त्यात उतरले आणि त्यांनी तो सावरला. शतकाच्या अखेरीस कारखान्यात हजारो माणसं कामाला होती.

पण धंद्यात पडायच्या आधीच, 1865 मध्ये, या माणसानं दारिद्र्यावर एक निबंध लिहिला होता. त्यातला एक विचार असा: न्यायाच्या जागी येऊन बसलेलं दान जे दुःख हलकं करतं, त्यातलं बरंचसं त्यानंच निर्माण केलेलं असतं, आणि जेवढं निर्माण केलेलं असतं, तेवढं सगळं काही त्याला निवारता येत नाही. लिहिणारा एकोणतीस वर्षांचा होता, हे लक्षात घ्या.

1899 मध्ये मुलगा सीबोमनं यॉर्कमधल्या कामगारवस्तीत घरोघर पाहणी करवली. 11,560 कुटुंबं, 46,754 माणसं. शहराची जवळपास 28 टक्के लोकसंख्या दारिद्र्यात निघाली. गरीब माणूस आळशी किंवा दारुडा असतो, हा त्या काळचा सर्वमान्य समज. पण घरात पुरेसा पैसाच येत नाही असे जे अगदी तळचे लोक होते, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत कारण निघालं ते हे: घरातला कर्ता माणूस नियमित कामावर जात होता, मजुरीच पुरत नव्हती.

डिसेंबर 1904. जोसेफनी आपल्या संपत्तीचा जवळपास अर्धा भाग देऊन तीन न्यास उभे केले आणि 29 तारखेला विश्वस्तांसाठी एक टिपण लिहिलं. त्यात ते म्हणतात, यॉर्कमधल्या अन्नछत्राला पैशाची कधी चणचण पडत नाही, पण दारिद्र्याची कारणं शोधायची म्हटली तर कुणी फारसं पुढं येत नाही. तेव्हा तुम्ही कारणांकडे जा. शिवाय काळ बदलेल, माझ्या शब्दांत अडकून पडू नका. देणगीदार सहसा असं लिहीत नाहीत हो; त्यांना मेल्यानंतरही सही करायची असते!

तिन्हीतला एक न्यास घरांसाठी होता. यॉर्कजवळ 1902 पासून वसत असलेलं न्यू इअर्सविक हे गाव त्याच्याकडे आलं. दुसरा धर्मादाय. मला खरा रस आहे तो तिसऱ्यात, सोशल सर्व्हिस ट्रस्टमध्ये. इंग्लंडच्या कायद्यात धर्मादाय संस्थेला करमाफी मिळते, पण तिला राजकारण करता येत नाही. जोसेफचा हिशेब सरळ होता: कायदे बदलल्याशिवाय कारणं हटणार नाहीत, आणि कायदे बदलायचे तर राजकारण टाळता येत नाही. म्हणून हा न्यास धर्मादाय म्हणून नोंदवलाच नाही. तो कर भरतो आणि मोकळा राहतो. स्वार्थी पैसा वर्तमानपत्रांतून लोकमत फिरवतो, याची जोसेफना धास्ती होती. म्हणून या न्यासाचे पैसे उदारमतवादी वर्तमानपत्रांतही गेले. 1970 च्या दशकात तर त्यानं विरोधी पक्षांच्या खासदारांना अभ्यासासाठी सहायक दिले. लोक त्यांना गमतीनं ‘चॉकलेट सोल्जर्स’ म्हणत. 1975 पासून सरकारच विरोधी पक्षांना अशा कामासाठी पैसे देऊ लागलं. आज हा न्यास जोसेफ राउंट्री रिफॉर्म ट्रस्ट या नावानं चालतो. हा आणि धर्मादाय न्यास 35 वर्षांत संपवावेत अशी जोसेफची अपेक्षा होती. दोन्ही अजून आहेत. कंपनी मात्र 1988 मध्ये नेस्लेनं घेतली.

आता जरा अवघड भाग. मुळाशी जा, असं सांगणाऱ्या घराच्या स्वतःच्या पैशाचं मूळ काय? कोको वसाहतींमधून यायचा. कंपनीच्या दक्षिण आफ्रिकेतल्या शाखेत, वर्णभेदाच्या राजवटीत, 1981 मध्ये संपावर गेलेल्या कृष्णवर्णीय कामगारांना काढून टाकलं गेलं. हे सगळं 2021 मध्ये न्यासांनी जाहीरपणे मान्य केलं आणि दिलगिरी व्यक्त केली. उशीर झाला, असं माझं मत आहे.

कारण 1904 च्या त्याच टिपणात जोसेफनी समाजातल्या मोठ्या दुष्कृत्यांची नावं घेतली आहेत. युद्ध, दारू, अफूचा व्यापार, जुगार आणि गुलामगिरी. आफ्रिकेजवळच्या साओ टोमे या पोर्तुगीज बेटाच्या मळ्यांवर गुलामांसारखं राबवलेल्या मजुरांच्या कोकोवर कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री या चॉकलेट कंपन्यांनी बहिष्कार टाकला तो 1909 मध्ये. टिपण लिहिलं गेलं तेव्हा आणि नंतरची चार वर्षंही त्या बेटाचा कोको यॉर्कला येतच होता.