मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचं?

(पणजीत प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

शिक्षक मित्रहो,

गोव्यात शाळा आणि भाषेचा विषय एकत्र निघाला की समोरचा लगेच विचारतो, तुम्ही कुठल्या बाजूचे? त्याचंही चुकत नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर १९६७ चा जनमत कौल झाला, १९८७ चा राजभाषा कायदा झाला. १९९० साली मराठी आणि कोंकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यायचं ठरलं, २०११ साली इंग्रजी शाळांनाही ते खुलं झालं आणि त्यावरून केवढं रण माजलं ते तुम्ही पाहिलंय. मी मराठीचा माणूस आहे, मराठी शाळा टिकाव्यात असं मला मनापासून वाटतं. पण आजचा विषय माध्यमाचा नाही. आपल्या वर्गात बसलेलं मूल घरी काय बोलतं, कुठल्या माणसांत वाढतं आणि त्यातलं किती आपण शाळेच्या फाटकातून आत येऊ देतो, एवढाच आहे. माध्यमाच्या भांडणात सगळ्या बाजूंकडून नेमकं हेच राहून गेलं.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली. देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. मातृभाषा कोंकणी सांगणारे ६६ टक्के, मराठी सुमारे ११, हिंदी १०, कन्नड पावणेपाचच्या आत आणि उर्दू तीनच्या आत. हे झाले सगळ्या राज्याचे आकडे. वास्को-झुआरीनगर, मडगावचा मोती डोंगर, चिंबलचं इंदिरानगर, अशा ठिकाणच्या शाळेत गेलात तर चित्र पार वेगळं दिसतं. शिवाय त्या हिंदीच्या १० टक्क्यांतही एक गंमत आहे. जनगणनेच्या कोष्टकात लमाणी (बंजारा) बोली हिंदीच्या पोटात मोजतात. म्हणजे कर्नाटकातल्या विजयपूर (विजापूर)-बागलकोटकडून आलेल्या तांड्यातलं मूल घरी लमाणी बोलतं, गल्लीत कन्नड, बाजारात हिंदी, आणि कागदावर ते हिंदी भाषक होतं.

हेच आपल्या प्रवेश अर्जावर घडतं. मातृभाषेचा रकाना असतो. यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीच्या, नोंदीतही तो भरावाच लागतो. जूनच्या गर्दीत तो कोण भरतं? बहुतेक वेळा कारकून, पालकाच्या तोंडाकडे बघून. बाई हिंदीत बोलली तर हिंदी, डोक्यावर पदर आणि कपाळावर मोठं कुंकू दिसलं तर कन्नड. पालकही शाळेला जे हवंसं वाटतं तेच सांगतात. त्या रकान्यासाठी दोन प्रश्न जास्तीचे विचारा, एवढी माझी पहिली सूचना आहे. घरात आजीशी मूल कुठल्या भाषेत बोलतं? आणि रडतं तेव्हा कुठल्या भाषेत रडतं? दुसऱ्या प्रश्नाला आया हसतात, पण उत्तर खरं देतात.

आता कोणी म्हणेल, हा परप्रांतीयांचा प्रश्न झाला, आमच्या गोंयकार (मूळ गोव्याच्या) मुलांचं काय? त्यांचंही सांगतो. इथल्या कितीतरी हिंदू घरांत बोलणं कोंकणीत, वर्तमानपत्र मराठी, चवथीच्या आरत्या मराठी, देवळातलं कीर्तन मराठी आणि मुलाची शाळा इंग्रजी. या मुलाला मातृभाषा विचारली की ते गोंधळतं, कारण त्याच्या दोन्ही भाषा खऱ्या आहेत आणि मोठी माणसं त्याला एक निवडायला सांगताहेत. ख्रिस्ती घरात पाय (वडील) रोमी लिपीतलं प्रार्थनेचं पुस्तक वाचतात, शाळेत तीच कोंकणी देवनागरीत आणि अंत्रुजी (फोंड्याकडच्या) वळणाची येते. दक्षिण गोव्यातल्या साष्टीच्या मुलाला ती परकी वाटली तर नवल नाही. पेडण्याहून पणजीत आलेल्या मुलाच्या मराठीला आपण मराठीचेच शिक्षक हसतो, हे तर मी कितीदा ऐकलंय. पुणेरी नसलेलं मराठी अशुद्ध, हा आपला जुना रोग आहे.

इथे थोडं इतिहासात जाऊ. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत इथल्या लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. फर्मान कागदावर राहिलं, पण घरची भाषा कमी दर्जाची ही भावना खोल रुजली. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंना जरा मोकळा श्वास मिळाला, आणि गावोगाव लोकांनी देवळांच्या मंडपात, घरांच्या ओसऱ्यांवर मराठी शाळा चालवल्या. सरकारी शिक्षण पोर्तुगीजमध्ये, नोकरी पोर्तुगीजमध्ये. तरीही पोटाला चिमटा काढून पंतोजीला पगार दिला, कारण आपलं मूल आपल्या भाषेत वाचायला शिकावं ही ओढ होती. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या तेव्हा त्या झपाट्याने भरल्या, त्यामागे ही पुण्याई होती. ज्या समाजाने हे भोगलंय, त्याला झुआरीनगरच्या कानडी बापाचं मन वेगळं समजावून सांगावं लागू नये. पण सांगावं लागतं. ‘घाटी’ हा घाटापलीकडून आलेल्यांना हिणवायचा शब्द आपल्या शाळांच्या आवारात रोज ऐकू येतो. मुलं एकमेकांना म्हणतात ते सोडा, शिक्षकांच्या खोलीतही चहाबरोबर तो सहज येतो. तिथल्या चार भिंतींत जे बोललं जातं ते वर्गात पोचत नाही, असा आपला समज असतो. मुलांचे कान फार तिखट असतात.

आता वर्गाकडे. जिम कमिन्स नावाच्या अभ्यासकाने १९७९ मध्ये एक फरक मांडला. गप्पा मारायची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. नव्या भाषेत मूल दोनेक वर्षांत धडाधडा बोलायला लागतं, पण त्या भाषेत विचार करून उत्तर लिहायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. कॅनडातल्या स्थलांतरित मुलांकडे बघून त्यांनी हे मांडलं, पण आपल्या तिसरी-चौथीच्या वर्गाला ते तंतोतंत लागू पडतं. मधल्या सुट्टीत कोंकणीत भांडणारा, मस्करी करणारा मुलगा गणिताच्या पेपरात कोरा बसतो. आपण म्हणतो, तोंड चालतं, डोकं चालत नाही. त्याला बापाच्या गाड्यावर सुट्ट्या पैशांचा हिशेब चोख जमतो. अडतं ते ‘प्रत्येकी’, ‘उरलेल्यांपैकी’, ‘कितीने कमी’ या शब्दांपाशी. हे शब्द मैदानावर कोणी बोलत नाही. ते शिकवावे लागतात, आणि ज्या भाषेत मूल आधीच विचार करतं तिचा हात धरून शिकवले तर लवकर येतात.

म्हणजे करायचं काय? शिक्षकाने कन्नड, लमाणी, उर्दू शिकायची का? शिकलात तर उत्तम, पण त्यावर काही अडून बसलेलं नाही. वास्कोच्या एका वर्गात मी पाहिलेली रीत सांगतो. बाईंनी पाण्याच्या चक्राचा धडा घेतला, मग सांगितलं, आता पाच मिनिटं शेजाऱ्याशी आपापल्या भाषेत बोला आणि मग मला मराठीत सांगा. वर्गात एकच कल्ला झाला. बाईंना त्यातलं अर्धंही कळत नव्हतं. पण नंतर जे हात वर आले, त्यात एरवी कधीही न उठणारे होते. मुलं गप्पाच मारतील, ही शंका तुमच्या चेहऱ्यावर दिसते मला. थोड्या मारतील. मराठीतही मारतातच की.

कायद्याचं म्हणाल तर आधार आहे, सक्ती नाही. घटनेचं कलम ३५० क १९५६ पासून भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगतं. शिक्षण हक्क कायदा २००९ आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तेच सांगतात, ‘शक्य असेल तिथे’ ही पळवाट ठेवून. आणि माध्यम पालकांनी निवडायचं, सरकारला ते लादता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्या खटल्यात सांगून टाकलंय. ते असो.

पालक इंग्रजी निवडतात म्हणून त्यांना बोल लावू नका. ज्या राज्यात तारवटी (बोटीवर नोकरी करणारा), हॉटेलवाला आणि पोर्तुगीज पासपोर्ट काढून विलायतेला गेलेला भाऊ हीच यशाची रूपं आहेत, तिथे आई इंग्रजीकडे धावणारच. पण विचार करा, इंग्लंडात स्विंडनला गोंयकारांची मोठी वस्ती झाली आहे. तिथल्या शाळेत आपल्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून कोणी मंद म्हटलं, त्याच्या डब्याला नाक मुरडलं, तर इथे गावात केवढा संताप होईल. तिथल्या शाळांकडून आपण जी अपेक्षा करतो, ती वास्कोच्या शाळेने विजयपूरच्या मुलाबाबत पुरी करावी. यात उपकार कसले?

पारंपरिक वेशभूषा दिनाबद्दल थोडं कडू बोलतो. वर्षातून एकदा पणजीतली मुलगी आरशांचा लमाणी घागरा भाड्याने आणून घालते, टाळ्या मिळवते, फोटो निघतात. त्याच वर्गात खरी लमाणी मुलगी असते. तिची आई तोच पोशाख घालून कळंगुटच्या किनाऱ्यावर माळा विकते. ती मुलगी त्या दिवशी फ्रॉक घालून मागच्या बाकावर बसते आणि आईला शाळेत यायला बंदी करते. हा दिवस बंद करा असं मी म्हणत नाही. पण त्याने संस्कृतीला स्थान मिळालं असं समजू नका.

त्यापेक्षा वेगळी वाट अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये लुइस मोल आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास चालून पाहिली. शिक्षक मेक्सिकन मजुरांच्या घरी गेले, तपासायला नव्हे, शिकायला. कोणाला शेतीची जाण, कोणाला बांधकामाची, कोणाला औषधी वनस्पतींची. ते ज्ञान धड्यांत आणलं. आपल्याकडे काय कमी आहे? चिंबलच्या गवंड्याला ओळंबा, पातळी, सिमेंट-रेतीचं प्रमाण विचारा, पाचवीच्या गुणोत्तराचा धडा तयार होतो. माटोळीला, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगतात त्या चौकटीला, बांधायच्या रानफळांची नावं आपल्याच शहरी मुलांना येत नाहीत, ती सत्तरी तालुक्यातून आलेल्या आजीला येतात. त्या आजीला एक तास द्या. फक्त एक सांभाळा, मूल किनाऱ्यावर माल विकतं त्याचं कौतुक करता करता बालमजुरीचं कौतुक होऊ नये.

पालकसभा हा साधा वाटणारा पण कळीचा मुद्दा. सकाळी १० ची सभा म्हणजे रोजंदारीवरच्या बापाचा एक दिवसाचा पगार. तो येत नाही, मग आपण म्हणतो यांना मुलांची काळजी नाही. रविवारी संध्याकाळी वस्तीतच सभा घ्या. सूचना इंग्रजीत छापून दप्तरात घालण्याऐवजी सातवीतल्या मुलीकडून कन्नडमध्ये बोलून घ्या आणि व्हॉट्सॲपवर पाठवा. एप्रिल-मेमध्ये गावच्या जत्रेला गेलेली कुटुंबं उशिरा परततात, त्या मुलांना दांडीबहाद्दर म्हणण्याआधी परत कधी येणार हे मार्चमध्येच विचारून ठेवा.

शेवटी आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. शहरांतल्या सरकारी मराठी शाळांचा हजेरीपट उघडा. स्थानिक मुलं इंग्रजीकडे गेली. बाकांवर कोण आहे? बऱ्याच ठिकाणी बाहेरून आलेल्या घरांची मुलं. आपल्या मराठी शाळेला टाळं लागत नाही ते त्यांच्यामुळे. ती चौथीपर्यंत मराठी वाचायला शिकतात, आपण मराठी म्हणून जे मिरवतो ते त्यांना कधी दाखवतच नाही. वाचनालयाच्या बालविभागाचं सभासदत्व, बालनाट्याच्या तालमी, वक्तृत्व स्पर्धेतलं नाव, यात ही मुलं कुठे आहेत? प्रश्नोत्तरांना वेळ ठेवलाय, आयोजकांनी याच प्रश्नापासून सुरुवात करावी, अशी माझी विनंती आहे.