लावणीच्या दिवसांतले पाय

(दृश्य : जुलै महिना. रत्नागिरी जिल्ह्यातलं एक गाव, पहाट. पावसाची संततधार. पडवीत टांगलेली इरली.)

अजून उजाडायचं आहे. चूल पेटायची आहे. घरातली बाई अंथरुणातून उठते आणि पहिलं पाऊल टाकते ते भिंतीचा आधार घेऊन. उजवी टाच ती टेकवतच नाही. न्हाणीपर्यंत लंगडत जाते. मग हळूहळू चाल सुटते आणि ती कामाला लागते.

आज दिवसभर ती घोटाभर चिखलात वाकून भात लावणार आहे. पायाचं विचारलं तर म्हणते, "लावणीत पाय दुखायचेच." कोकणात हे घरोघरी ऐकू येतं. आम्हाला मात्र ते मान्य नाही. यातली बरीचशी दुखणी टाळता येतात, उरलेली आटोक्यात ठेवता येतात, आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत.

सकाळची ही टाचदुखी आधी पाहू. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. रात्रभरात तो आखडतो, पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो आणि टाचेत कळ येते. एक्स-रे काढला की कुणीतरी सांगतं, हाड वाढलंय. माणूस घाबरतो. पण ज्यांची टाच जन्मात कधी दुखली नाही, अशा कितीतरी जणांच्या एक्स-रेतही तसं वाढलेलं हाड दिसतं. दुखणं हाडापेक्षा त्या पट्ट्याचं आहे, आणि पट्टा ताणून सैल करता येतो.

(दृश्य : अंथरुणात बसलेली बाई. पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून धरते.)

खाली उतरण्याआधी पायाची बोटं अशी मागे ओढायची, मनात दहा आकडे मोजायचे आणि सोडायची. असं दहा वेळा. दिवसातून दोन-तीनदा भिंतीला हात टेकून पोटरीही ताणायची. आणि लादीवर अनवाणी चालायचं नाही. घरात चप्पल घालणं आपल्याकडे अजून अनेकांना रुचत नाही. मग घरासाठी मऊ तळव्याची वेगळी जोडी ठेवावी, जी उंबऱ्याबाहेर कधी गेलेलीच नाही. एवढं नेमाने केलं तर बहुतेकांची टाच काही महिन्यांत शांत होते. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून इंजेक्शनच्या मागे लागू नये.

(दृश्य : दाढ, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा. पाऊस. चार-पाच बायका उकिडव्या बसून रोपं उपटत आहेत, मुळांचा चिखल पाण्यात झटकून जुड्या बांधत आहेत.)

दाढ काढायचं काम तासन्‌तास उकिडवं बसून चालतं. गुडघा पूर्ण दुमडलेला असताना वाटीवर, म्हणजे पुढच्या हाडावर, खूप दाब येतो. उठताना ज्या बाईचा हात आपोआप मांडीवर जातो, तिचा गुडघा कुरकुरतोय हे ओळखावं. पालथ्या बादलीवर किंवा बैठ्या स्टुलावर बसून दाढ काढली तर काम तेवढंच होतं आणि गुडघा पूर्ण दुमडावा लागत नाही. हे सुचवायला डॉक्टर लागत नाही. लागते ती घरातल्या माणसांची संमती, कारण बसून काम करणारी बाई आळशी ठरते. हे बदललं पाहिजे.

"गुडघ्यातलं वंगण संपलं" असं म्हणून पुष्कळ जण हात टेकतात, चालणं बंद करतात. तिथेच चुकतं. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते, हे खरं. पण गुडघ्याला सावरून धरतो तो मांडीचा पुढचा स्नायू, आणि तो बसून राहिल्याने वाळत जातो. मग दुखणं आणखी वाढतं. खुर्चीवर बसून एक पाय सरळ समोर उचलायचा, मांडी घट्ट आवळायची, पाच ते दहा आकडे थांबून सावकाश खाली आणायचा. दोन्ही पायांचं दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पहिले काही दिवस थोडं जड वाटेल, तरी सोडू नये. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्यासाठी एक हिशेब : अंगावरचं 1 किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी हलका होतो.

आणि वेदनाशामक गोळ्या? चार दिवस, डॉक्टरांना विचारून, ठीक. पण डायक्लोफेनॅकसारखी गोळी महिनोन्‌महिने रोज घेतली तर पोटात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडावर परिणाम होतो, रक्तदाब चढतो. आठवडी बाजारात मिळणाऱ्या, नावगाव नसलेल्या पुड्यांपासून तर लांबच राहावं. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. गुण लगेच येतो तो त्यामुळे, आणि नुकसानही त्यामुळेच.

(दृश्य : संध्याकाळ. वहाळाच्या वाहत्या पाण्यात पाय धुणाऱ्या बायका. कॅमेरा एका पायाच्या बोटांवर स्थिरावतो.)

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. त्यांच्यामधलं बेचकं जरा फाकवून पाहिलं की पांढरी पडलेली, भिजून फुगलेली कातडी दिसते. तळाशी लालसर चीर. पाणी लागलं की झोंबते, रात्री खाजते. ह्या चिखल्या. बहुतेकदा सुरुवात इथूनच होते, कारण ही दोन बोटं एकमेकांना चिकटलेली असतात आणि तिथे वारा लागत नाही. आठ-दहा तास भिजलेली कातडी मऊ पडते, मग तिच्यात बुरशी घर करते, आणि बुरशीने पाडलेल्या चिरेतून जंतू आत शिरतात.

गमबूट घाला असं सांगणं सोपं आहे. चिखलणी केलेल्या खाचरात तो रुतून बसतो, पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. म्हणून उपाय शेतात उतरण्याआधी आणि वर आल्यानंतरच करायचा. उतरण्याआधी बोटांच्या बेचक्यांत कोकमतेल किंवा व्हॅसलीन चोळायचं, म्हणजे पाणी थेट कातडीला भिडत नाही. वर आल्यावर स्वच्छ पाणी आणि साबण, मग सुती फडक्याने एकेक बेचकं कोरडं करायचं. घाईत पाय नुसते झटकून चालत नाही. मेंदी लावायची रीत जुनी आहे, घरच्या पानांची असेल तर तिला आमची हरकत नाही. बाजारातली काळी मेंदी मात्र चिरलेल्या पायाला लावू नये, तिच्यात केस काळे करायचं रसायन असतं.

एवढ्यानेही चिखल्या बऱ्या झाल्या नाहीत तर क्लोट्रिमाझोलचं साधं मलम दिवसातून दोनदा लावावं. खाज थांबल्यावरही आणखी आठवडा-दोन आठवडे सोडू नये, कारण बुरशी दिसेनाशी होते त्या दिवशी संपलेली नसते.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. खाजेवर "लगेच गुण येणारी" म्हणून जी ट्यूब हातात पडते, तिच्यात पुष्कळदा बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड असतं. क्लोबेटासोल, बेटामेथासोन ही त्यांची नावं. स्टिरॉइडने लाली आणि खाज एका रात्रीत बसते. पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. बोटांतली खाज मग जांघेत, कमरेवर, सगळ्या घरात फिरते आणि साध्या औषधाला जुमानत नाही. भारतभर गजकर्ण आज इतकं चिवट झालं आहे, त्यामागचं हे एक मोठं कारण त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून 2018 मध्ये केंद्र सरकारने नियम कडक केले. तरीही ती मिळतात. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारायचा : यात स्टिरॉइड आहे का?

(दृश्य : रात्र. चुलीपुढे पाय शेकत बसलेला म्हातारा.)

भिजलेले पाय चुलीपुढे धरले की बरं वाटतं. पण मधुमेह असलेल्या माणसाने हे करू नये. भारतात आज 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. जुन्या मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, चटका बसलेला कळत नाही, काटा मोडून आत राहिलेला कळत नाही. गरम पाण्यात पाय बुडवण्याआधी दुसऱ्या कुणीतरी हात घालून पाहावं. रोज रात्री तळवा आरशात बघावा, किंवा नातवाला बघायला सांगावं. छोटी जखम, काळा डाग, पाणी सुटलेला फोड दिसला तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना.

(दृश्य : लावलेलं खाचर. बांधावरून जाणारी गुरं. साचलेलं पाणी.)

आता लावणीनंतरच्या दिवसांविषयी. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू या पाण्यात येतात आणि चिखल्यांच्या चिरांतून अंगात शिरतात. साधारण एक-दोन आठवड्यांत ताप भरतो, डोळे लाल होतात, आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. सगळ्यांना वाटतं, लावणीचा शीण आहे. शिणाने ताप येत नाही. पावसाळ्यात चिखलात काम केलेल्या माणसाला ताप आणि पोटरीदुखी एकत्र आली, तर ती रात्र काढायची नाही, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं आणि "मी शेतात उतरले होते" हे आपणहून सांगायचं. लेप्टोवर, म्हणजे या जंतूंच्या तापावर, साधी प्रतिजैविकं चालतात, पण ती लवकर मिळायला हवीत. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडं थकतात.

जिथे धोका जास्त असतो तिथे लावणीच्या काळात आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिनची 200 मिलिग्रॅमची मात्रा प्रतिबंधासाठी देतात. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात लावणी सुरू होण्याआधीच विचारून ठेवा. गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. घरात कुणी गरोदर असेल किंवा आठ वर्षांच्या आतलं मूल असेल, तर त्यांना ही गोळी आपल्या मनाने द्यायची नाही. त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळं औषध लिहून देतात.